कललेला फासा

प्रेसखाली माझी उजव्या हाताची तीन बोटं गेली त्याला पुढच्या दिवाळीत वर्ष होणार होतं. कंपनीनं मला प्रेस शॉपमधून उचलून स्टोअरमध्ये बसवलं. वाईट कुणीच वागलं नाही, आणि माझं डोकं नेमकं त्यानंच फिरायचं. कॅन्टीनमध्ये ताट घ्यायला गेलो की चार जण धावत यायचे. बसमध्ये जागा द्यायचे. घरी बायको शर्टाची बटणं लावून द्यायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. मी मात्र तिच्यावर खेकसायचो. अशा दिवसांत मला त्या खेळाचा नाद लागला.

खेळ साहेबाचा होता. नवं मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर जाताना बॅकगॅमनची पेटी रिक्रिएशन क्लबला देऊन गेला. फाशांच्या दानाप्रमाणे सोंगट्या फिरवत आपल्या घरात आणायच्या आणि मग एकेक करून पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. दोन्ही फाशांवर सारखं दान, म्हणजे जोड, पडली तर ते दुप्पट मिळतं, म्हणजे चार सोंगट्या चालतात. आपल्या माणसाला सोंगट्या-फासे काय नवे? महिन्याभरात जेवणाच्या सुट्टीत त्या पेटीभोवती हीऽ गर्दी.

गर्दी आली तशी लबाडीही आली. सुट्टी अर्ध्या तासाची. भोंगा वाजला की डाव बरोबरीत सुटायचा. त्यामुळे हरायला लागलेला माणूस अचानक फार विचारी व्हायचा. डब्याचं झाकण लावून बघायचा, लोणच्याचं बोट चाटायचा, छताकडे बघून आकडेमोड करायचा. दुसरे काही महाभाग फासे मुठीत न खुळखुळवता बोटांवरून असे अलगद सरकवायचे, की हवं ते दान पडायचं. रोज भांडणं. शेवटी क्लबनं स्पर्धा ठेवली आणि पंच म्हणून मेंटेनन्समधल्या चाचांना बसवलं.

चाचा चिंचवड गावठाणातले. त्यांच्या घरात घड्याळ दुरुस्तीचा पिढीजात धंदा होता, ते स्वतः मात्र कंपनीत फिटर झाले होते. त्यांनी काय करावं? घरातली गजराची दोन जुनी घड्याळं आणली, एका लाकडी खोक्यात शेजारी शेजारी बसवली आणि वर सी-सॉसारखी एक पट्टी लावली. आपली चाल झाली की आपल्या बाजूची पट्टी दाबायची. आपलं घड्याळ थांबतं, समोरच्याचं चालू होतं. दोघांना वेळ सारखा. ज्याचा आधी संपला तो हरला, मग बघा खुशाल छताकडे. फाशांसाठी कॅन्टीनचा पितळी पेला आणून आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला. फासे पेल्यात हलवूनच टाकायचे आणि दोन्ही पटावर सपाट बसले पाहिजेत. एखादा सोंगटीवर कलला किंवा काठाला टेकला तर दान बाद, दोन्ही पुन्हा टाकायचे.

हे सगळं छान होतं. माझी पंचाईत वेगळीच होती. बाकीचे एका हातानं पेला हलवत आणि दुसऱ्या हातानं सोंगट्या उचलत. माझा कारभार एकट्या डाव्या हाताचा. पहिल्या फेरीच्या आधी कुणीतरी मायेनं म्हणालं, "यांच्यासाठी घड्याळ नको. सावकाश खेळू द्या." दुसरा म्हणाला, "फासे मी टाकतो यांचे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटी उलटी करून निघून जावं असं वाटलं. मला जिंकायचं होतंच. त्याहून जास्त, मला इतरांसारखं खेळायचं होतं, आणि ते काही केल्या होईना.

चाचा नाकावरचा चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवून म्हणाले, "घड्याळ सगळ्यांना. फासे ज्याचे त्यानं टाकायचे. आणि आजपासून खेळ एकाच हातानं. पेला, सोंगटी, पट्टी, सगळं त्याच हातानं. दुसरा हात टेबलाखाली. सगळ्यांनी."

केवढा आरडाओरडा झाला! ज्यांनी मला सवलत द्यायला निघून पुण्य कमावलं होतं तेच आता ओरडत होते. एकानं तर डाव्या हातानं टाकलेलं दान अशुभ असतं असा मुद्दा काढला. चाचांनी त्याला डाव्या हातानं चहा पाजला आणि विषय संपवला. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

मी अंतिम सामन्यात पोचलो. समोर होता आकुर्डीचा एक गडी, माझा प्रेस शॉपमधला जुना जोडीदार. वडिलोपार्जित शेती कारखान्यांत गेलेली, अंगानं पैलवान आणि मनानं लोणी. डाव असा आला, की त्याच्या दोनच सोंगट्या उरल्या आणि पुढच्या दानाला त्या नक्की बाहेर पडणार होत्या. माझ्या चार होत्या. म्हणजे मला आत्ताच जोड हवी होती. पेला हलवला, टाकला. सहा आणि सहा!

कॅन्टीन दणाणलं. आणि मग मला दिसलं, की एक फासा माझ्याच सोंगटीच्या कडेवर कललाय.

"बाद," चाचा म्हणाले. "पुन्हा टाका."

गलका उठला. माझा जोडीदारच उठून उभा राहिला. "ऱ्हाऊ द्या की, चाचा. सहाच हाय त्यो, दिसतंय की. जिंकू द्या त्यास्नी. माझं काय म्हननं न्हाई."

"हे दान तू टाकलं असतंस तर?"

"मी पुन्हा टाकलं असतं."

"मग?"

तो खाली बसला. चाचांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "तुमचं घड्याळ चालू आहे," ते म्हणाले.

मी फासे उचलले. पाच आणि तीन. दोन सोंगट्या निघाल्या, दोन राहिल्या. पट्टी दाबली. त्यानं दान टाकलं आणि जिंकला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? चांगलंच वाईट वाटलं. चडफडत स्टोअरमध्ये गेलो आणि तिथं पोत्यावर बसल्यावर लक्षात आलं, की गेल्या कित्येक महिन्यांत मी आज पहिल्यांदा बोटांमुळे नाही, साध्या फाशामुळे चडफडतोय.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तोच जोडीदार पेटी घेऊन समोर आला. त्याला वाटलं होतं मी रुसून बसलो असेन. डाव सुरू झाला. मी जरा विचार करत राहिलो, तर त्यानं घड्याळाकडे बोट केलं आणि खेकसला, "ओ राव, झोपला काय? टाका की लवकर!"

अपघातानंतर माझ्यावर खेकसलेला तो पहिला माणूस. पलीकडच्या टेबलावर चाचा भाकरी मोडत होते, त्यांनी मान वर केली नाही. त्यांचे आभार मानायचे होते, पण माझं घड्याळ चालू होतं. मी उजवा हात टेबलाखाली ठेवला आणि फासे टाकले. समोरच्याचा डावा हातही टेबलाखालीच होता.