बस्ता चालू असताना

“आधी साडी काढ तिच्या अंगावरून,” शेठ ओरडला. मला काय झालं, ते त्याच्या लेखी नंतर.

धुळ्यातलं साड्यांचं दुकान. सोनगीरकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आलेली. साड्या अंगावर लावून दाखवायचं काम माझं. नवरीचा शालू माझ्या खांद्यावर, आणि पायाखालची गादी ओली. पस्तिशीची बाई मी, दोन लेकरांची आई. भर दुकानात मला लघवी झाली.

दुकानाचा नियमच होता, बस्ता चालू असताना गिऱ्हाईक सोडून हलायचं नाही. बस्ता चार-चार तास चालतो. बाथरूमची चावी गल्ल्यावर, शेठच्या हाताशी. पुरुष मागच्या बोळात जाऊन येतात, त्यांना चावी लागत नाही. म्हणून आम्ही बायका सकाळपासून पाणीच पीत नव्हतो. माझी लघवीची जळजळ थांबेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दटावलं, पाणी प्या. त्या दिवशी मी शहाण्यासारखी दोन तांबे प्यायले. तिथंच चुकलं.

दोनदा शेठकडे पाहिलं. त्यानं बोटानं ओठ ताणून दाखवले. म्हणजे हस. तेवढ्यात नवरीची आत्या म्हणाली, “जराशी हास ना बाई, आमना घर लगीन शे.”

मी हसले. हसतानाच सुटलं.

आत्यानं नाकाला पदर लावला. नवरी पाय आखडून मागं सरकली. शेठ म्हणाला, “माफी माग. तोंड पाडून नको, हसून माग.”

मी मागितली. ओल्या परकरात उभी राहून, हसून. परकर धुतला, वाळला. त्या हसण्याची लाज अजून जात नाही. घरी नवऱ्याला सांगितलं, पाणी सांडलं.

आठ दिवस मान वर झाली नाही. घड्या घालणारी रजियाआपा हळूच म्हणाली, “मेरा भी हुआ है. गोदाम में.” वीस वर्षं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला तिची दया नाही आली, राग आला. तिचा, माझा, मग शेठचा.

पुढच्या बस्त्याला नवरीचा बाप, काका, सगळे बसलेले. अंगावरचा शालू काढून मी गादीवर ठेवला.

“शेठ, चावी द्या. लघवीला जायचंय.”

“गिऱ्हाईक बसलंय,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“बसू द्या.”

मी हात पुढं केला, मागं घेतला नाही. चावी मिळेपर्यंत तसाच पुढं धरला.

आता रजियाआपाही उठते. शेठ रोज म्हणतो, काढून टाकीन. काढ. पण का काढलं, ते मी दुकानाबाहेर उभी राहून गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक वऱ्हाडाला सांगेन. लघवी हा शब्द मोठ्यानं उच्चारून सांगेन.