हळद लागलेली होडी

पारूला जाऊन आज वर्ष झालं. तिची उशी मी अजून कुणाला हलवू दिलेली नाही.

नात म्हणते, "आजोबा, आजीवर एक पोस्ट टाका ना."
म्हणून हे.

पासष्ट-सहासष्ट साल असेल. आमचं नवं लग्न. घर सारसोळ्याला, पारूचं माहेर खाडीपलीकडे ट्रॉम्बेला. पूल नव्हता.

लग्नानंतर तिला आई दिसलीच नव्हती. गौरीला माहेरी जायचंच, हा एकच हट्ट.

म्हणून मी अंगणात होडी बांधली. मी कामाला होतो त्या कारखान्यातल्या साहेबांनी काचेच्या कापडाचे उरलेले तुकडे दिले, ते रेझिनने लाकडावर चिकटवले. सगळी आळी हसली. "होडीला काचेची बंडी!"

मग पॉलिश पेपरने घासायचं. दोघांनी. काचेची पूड अंगाला लागून नुसती खाज.

मी घासता घासता शाळेतल्या कविता म्हणायचो.

"आवो, कविता तोंडाने म्हना. हात कशाला थांबवता?"

घासून घासून अशी गुळगुळीत झाली, की आतल्या सागाच्या रेषा पाण्याखाली झोपल्यासारख्या दिसायच्या.

गौरीच्या आदल्या दिवशी व्हार्निश मारलं. संध्याकाळी बोट लावलं तर चिकट.

"पारू, तू काही लावलंस का गं?"

"हलद. तेलात कालवून. नवी होडी म्हंजे नवरीच ना? मंग पुसली, तुमी ओरडाल म्हनून."

तेलावर व्हार्निश सुकणार कसं! पुन्हा घासायचं, तर गौरी निघून जाणार.

तिचे डोळे भरले. मग पदर खोचला.

"चिकट तं चिकट. बुडनार तं नाय ना?"
"नाही."
"मंग चला."

दुसऱ्या दिवशी भरतीला निघालो. नवं हिरवं लुगडं नेसून ती समोरच्या फळीवर.

ट्रॉम्बेच्या धक्क्यावर तिची आई उभी. पारू उठायला गेली, तर लुगडं फळी सोडेना!

सासूबाई म्हणाल्या, "जावयबापू, पोर आनलीत का चिकटवून ठेवलीत?"

टर्रकन आवाज झाला. पारूने मागे पाहिलंच नाही. थेट आईच्या गळ्यात.

मी एकटाच वल्हवत परत आलो. समोरच्या फळीवर हिरवी चिंधी फडफडत होती.

घर खायला उठलं. पण गौरी गेल्या की भरती बघून तिला आणायला जायचं, हे ठाऊक होतं.

आता रोज संध्याकाळी खाडीवर जाऊन बसतो. भरती येते, जाते.
कुठल्या धक्क्यावर यायचं, ते मात्र तू सांगून गेली नाहीस.

सुखात राहा, पारू. तुला मनापासून निरोप.