वत्सलाच्या ओट्यावरचं हसरं चित्र

हो, विचारलं होतं त्यांनी. कोणी विचारलंच नाही, असं म्हणू नका.

माझी धाकटी जाऊ वत्सला काल गेली. टीबीने.
अख्ख्या बुवापाड्याला माहीत आहे, मग लपवायचं कशाला.

मागे एका संस्थेच्या दोन पोरी विहारात आल्या होत्या. टीबीच्या चित्रांचा कागद घेऊन. छापायच्या आधी बायकांना दाखवायचा होता.
"मावशी, काय समजलं? काय चुकलंय? बिनधास्त बोला."

वत्सलाची दवा तेव्हा नुकतीच चालू झालेली. तरी पोह्यांचं पातेलं घेऊन हजर.

बाई खोकते. बाई डॉक्टरकडे जाते. बाई गोळी खाते. बाई हसते. एवढंच.

मी म्हटलं, "हसली म्हणजे गोळ्या बंद काय?"

वत्सलाने चिमटा काढला. "अक्का, गप बसा. पोरी उन्हातून आल्यात. तुम्हाला तर लग्नातलं वरण पण अळणी लागतं."

सगळ्या हसल्या. मग एका सुरात, "छान आहे, एकदम छान."
दारात आलेल्याच्या वस्तूला आपल्याकडे नाव ठेवत नाहीत ना.
पोरींनी "छान" लिहून घेतलं, पोहे खाल्ले, गेल्या.

कागद छापून आला. वत्सलाने ओट्याच्या वर चिकटवला.

थोड्या महिन्यांत खोकला थांबला. हिने गोळ्या बंद केल्या.
दवाखान्यातली सिस्टर ओरडली. मी ओरडले.
"अक्का, ती बघा, हसतेय ना? झालं तिचं. माझं पण झालं."
कॅम्प पाचच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापायला परत जायला लागली.

मग आजार परत आला. ह्या वेळी गोळ्यांना दाद देईना.
शेवटी शेवटी मी म्हातारी तिला एकटी उचलायचे. एवढीशी राहिली होती.

आज त्यातली एक पोरगी घरी आली. ओट्यावरचा कागद बघून रडायलाच लागली.
"मावशी, आम्ही तर विचारलं होतं."

"विचारलंत गं. पण घोळक्यात, पोहे खात विचारलंत. हिच्या घरी येऊन, बाजूला बसून विचारलं असतं तर चित्रातून तिला काय समजलं ते बोलली असती."

नवीन कागद काढतायत म्हणे. "ह्या वेळी तुम्ही सांगा ना."
सांगितलं. हसणाऱ्या बाईच्या हातात गोळी द्या.

वत्सला, पडून राहा आता. कोणाचं मन राखायला उठू नको.

कमेंटमध्ये कोणी काही विचारू नका. फोन पण नको.
मी एक शब्द बोलणार नाही.