मातेयचे नगारे आणि दुसरा भाग

लिपोवेतचा मातेय हाव्रान लाकडी पिंपं बांधायचा आणि वर्षातून एकदा नगारे वाजवायचा. गावात त्याचं नाव झालं ते मात्र तिसऱ्याच गोष्टीसाठी: न वाजवता बसण्यासाठी.

संगीताची संत सेसिलिया हिच्या सणाला गावचा वाद्यवृंद दरवर्षी तीच एक सिम्फनी वाजवायचा; तिचे भाग चार. पहिला, तिसरा, चौथा डी मेजर पट्टीत. तिथे मातेय दणादण. दुसरा संथ, त्याची पट्टी निराळी, जी मेजर. त्यात नगाऱ्यांना एक ठोकाही नाही. एकतीस वर्षं मातेय तो भाग नुसता ऐकत बसला. माणसाहून उंच बास, म्हणजे खर्जातलं व्हायोलिन, वाजवणारा कोलारिक खाटीक म्हणायचा, आम्ही घाम गाळतो आणि हा फुकट्या ऐकतो. पण मातेयला कळला तितका तो भाग वाजवणाऱ्यांनाही कळला नसेल. लग्नाच्या वर्षी त्याला त्यात दुपारचं ऊन दिसलं. बायको रुझेना वारली त्या वर्षी सूर तेच, लय तीच, पण रिकाम्या खुर्चीशी कुणी हळू बोलतंय असं वाटलं.

तसा त्या भागात मातेय अगदी रिकामा बसलेलाही नसे. मैफल व्हायची त्या बिअरखान्याच्या दालनात शेगडी पेटली, माणसं दाटली, की कातडं सुकून ताणलं जातं आणि नगाऱ्यांचा सूर चढतो. तो या दुसऱ्या भागातच उतरवायचा. कान कातड्याला, हात कातडं ताणणाऱ्या पेचावर, कुणाला पत्ता लागू न देता.

आणि मातेयचे कानच गेले. चाळीस वर्षं लोखंडी कड्यांवर हातोडा घातल्यावर दुसरं काय होणार?

संत सेसिलियाच्या सणाआधीच्या तालमीत नगारे एवढे चढे वाजले, की शेदिवी मास्तरांनी हातातली ताल दाखवायची काठी खाली ठेवली. शाळेत शिकवणारा, वाद्यवृंद सांभाळणारा भला माणूस. त्यांनी मातेयला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की सणाला पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघावा लागेल.

सगळे गेले. मातेय नगाऱ्यांवर हात टेकून बसून राहिला. कोलारिक मुद्दामच मागे रेंगाळत बासवर गज ओढत होता. एकाएकी मातेयच्या बोटांखालचं कातडं थरथरलं.

"तोच सूर काढ पुन्हा," तो म्हणाला. "लांबव."

नगारा आणि बास एका सुरात आले की कातडं आपोआप थरथरत होतं. पेच जरा फिरवला की गप्प. पिंपाची फळी बोटांनी पारखणाऱ्याला एवढं पुरे होतं. अडचण एकच: बासचा सूर लांब हवा, आणि लोक जांभया देतात म्हणून मास्तर दुसरा भाग घाईने उरकायचे. मास्तरांना सांगू या, असं कोलारिक म्हणाला. मातेयने नकारार्थी मान हलवली. आपल्या बोटांसाठी अख्ख्या सिम्फनीने का थांबावं?

सणाच्या दिवशी दालन तापलं. दुसरा भाग सुरू झाला तेव्हा मास्तरांची काठी पुढे आणि बास मागे. चढणीला लागलेल्या बैलासारखा कोलारिक एकेक सूर ओढत होता. मास्तरांनी डोळे वटारले. खाटकाने डोळे मिटून घेतले. बासच मागे राहिला म्हटल्यावर बाकीचे जाणार कुठे? तेही त्याच पावलाने चालू लागले. ऐकणारे एवढे रंगले, की बिअरचे मग टेबलावरच राहिले.

मातेयने पेच केसभर सैल केला. कातडं गप्प. आणखी केसभर. मग मांजर घुरघुरावं तशी थरथर बोटांत चढली. दुसऱ्या नगाऱ्याचंही तसंच. त्याला फारसं ऐकू येत नव्हतं, पण यंदा या भागात काय आहे ते कळलं: सोबत.

तिसऱ्या भागात त्याचा पहिला ठोका पडला तो नेमक्या सुरात.

नंतर मास्तर तडक कोलारिककडे गेले.

"एवढं सावकाश वाजवायला कुणी सांगितलं होतं?"

"बोटं सुजलीत, मास्तर."

सकाळीच त्याने दोन डुकरं सोलली होती, हे गावभर ठाऊक होतं. मास्तरांनी मातेयकडे पाहिलं. तो नगाऱ्यांवर कापड घालत होता.

"बरं," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षीही सुजलेलीच राहू द्या."