होडीचं वय सांगणारे आण्णा

परशराम आण्णा कुठलीही लाकडी वस्तू आधी उलटी करायला लावत. "वरनं समद्यांलाच बगाय येतंय," म्हणत. कंग्राळीचे हे सुतार मला पहिल्यांदा भेटले ते शहापुरात, डॉक्टरीणबाईंच्या शेडमध्ये. बाईंनी वडिलांची लहानशी शिडाची होडी गोव्याहून आणली होती. ती किती जुनी हे शोधून त्यांना तिच्यावर पितळी पाटी बसवायची होती.

मी इंजिनिअरिंग शिकवतो. बाईंच्या सांगण्यावरून महिनाभर जुने फोटो धुंडाळून मी होडीला नव्वद वर्षं दिली होती. आण्णांनी ती पालथी केली, तळाच्या प्लायवूडची एक कड सोडवली आणि खालच्या लाकडावरून बोट फिरवलं.

"सर, हितं दुसऱ्या खिळ्यांची भोकं न्हाईत. म्हंजी प्लायवूड पयल्यापासनंच हाय. नव्वद वर्सांमागं असला प्लायवूड कुठला? साठीच्या आतली हाय ही."

बाईंचा चेहरा उजळला. "आण्णा, चहा टाकते." मी तिथंच उभा होतो. मला त्या 'सर' म्हणत. 'आण्णा' म्हणताना त्यांचा आवाज मऊ होई. माझा महिना एका बोटानं पुसला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मापं घ्यायला गेलो. बसायची फळी काढून उलटी केली, तर खाली शिसपेन्सिलीनं साल लिहिलेलं. वजाबाकी केली. अठ्ठावन्न वर्षं. मी पॉलिशपेपर उचलला आणि तेवढी जागा घासून साफ केली.

पाटीचं ठरवायची वेळ आली तेव्हा आण्णा बाईंना म्हणाले, "सर शिकल्याली मानसं. त्यांचंच घाला." मी जिंकलो होतो, आणि त्यांना इतक्या सहज हरता येतं याचाही मला हेवा वाटला.

दोन वर्षांनी आण्णा फार आजारी असल्याचं कळलं. कंग्राळीला जाऊन मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी माजं बरोबर आलतं."

"हो, आण्णा."

"सालाखाली मिस्त्रीनं नाव घाटलं असंल की. काय हुतं?"

खाली एक ओळ होती खरी. "मी सालच बघितलं," मी म्हणालो.

आण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. "त्याचं नाव गेलं की वो, सर."

त्याच महिन्यात ते गेले. मी बाईंना खरं सांगून पाटी बदलून घेतली. तिच्यावर आता बरोबर साल आहे. खाली बनवणाऱ्याच्या नावापुरती जागा सोडली आहे, ती तशीच कोरी आहे.