शाकाहारी घरातला साप

जपानमधल्या निशी-कसाई भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायला बंदी, म्हणून नवऱ्याने साप आणला. घरात अंडंही न चालणाऱ्या या गृहस्थाने फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी गोठवलेले उंदीर मोठ्या प्रेमाने रचले. साप मात्र तोंड लावेना. नवरा उंदीर गरम पाण्यात कोमट करून, चिमट्यात धरून विनवायचा, "खा रे राजा, एकच घास!" मी तापाने पडले होते तेव्हा याच माणसाने विचारलं होतं, "आज डबा नाही?"

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "दूध पाजा."

शेवटी सापाच्या दुकानदाराला विचारलं. तो वाकून नम्रपणे म्हणाला, "त्याला जरा एकटं सोडा."

आम्ही पेटीत उंदीर ठेवला, वर टॉवेल टाकला आणि बाहेर पडलो. परतलो तर उंदीर गायब! लग्नाच्या वाढदिवसाला राहून गेलेली मिठी नवऱ्याने मला तेव्हा मारली. मीही फार भाव खाल्ला नाही.