शिंगवाले रोबो आणि आम्ही चौघं

किट जोडून झालं की खोक्यात चार-पाच तुकडे उरतातच. ते कुठे लावायचे हे बहुतेक कंपनीलाही ठाऊक नसावं! टाकवत नाहीत, म्हणून डब्यात साठत जातात. आमच्या ग्रुपचे किस्से अगदी तसेच साठलेत. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "दर रविवारी दुपारी दार लावून तुम्ही चौघं करता तरी काय?" म्हटलं, चला, एकदाचा डबा उपडाच करू.

तर चौघं म्हणजे कोण? मी सुहास, शाळेत चित्रकला शिकवतो, राहतो भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात. डॉक्टर मेघना, मीरा रोडला दातांचा दवाखाना. जिग्नेशभाई, स्टीलच्या डब्यांचा कारखाना. आणि समुद्रकाठच्या पाली गावचा विल्सन, होड्यांना फायबरचा थर मारतो, रंगवतो. एका कुरिअरवाल्याने माझं खोकं जिग्नेशभाईंकडे, त्यांचं डॉक्टरांकडे आणि डॉक्टरांचं थेट पालीला टाकलं. तिथून ओळख झाली!

खोक्यात असतात प्लास्टिकचे रोबो. जपानी कार्टूनमधले, इमारतीएवढे, डोक्यावर शिंगं असलेले. आपल्याकडे ते सुटे येतात. फ्रेममधून तुकडे कापायचे, घासायचे, एकमेकांत अडकवायचे, की वीतभर उंचीचा योद्धा उभा!

*

माझं पहिलं खोकं आलं तेव्हा बायकोने ते उलटंपालटं करून बघितलं. कोपऱ्यात छापलं होतं : वय वर्षं पंधरा आणि पुढे.

नीता शांतपणे खोकं कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायला निघाली.

"अगं, काय करतेस?"

"पंधरापुढे लिहिलंय. थांब की थोडा, तू अजून लहान आहेस!"

*

मग एकदा जिग्नेशभाईंनी आणि मी सेलमध्ये एकाच मॉडेलची दोन किटं घेतली. टेबलावर समोरासमोर बसलो. माहितीपत्रक सगळं जपानीत. जिग्नेशभाईंनी मोबाईलवर ट्रान्सलेशन लावलं. मोबाईलने सांगितलं, 'कृपया डाव्या पायाला नम्रपणे चावा.'

जिग्नेशभाई दोन मिनिटं त्या पायाकडे बघत बसले. मग म्हणाले, "सुहासभाई, अपन मॅन्युअल के बिना करेंगे."

दोन तासांनी त्यांचा रोबो उभा राहिला. उजवा हात काही केल्या बसेना. जोर लावून बसवला, तर अंगठा बाहेरच्या बाजूला! "अरे, आ तो लेफ्टी छे! दोनों हात लेफ्ट! कंपनीने फसवलं!"

मी म्हटलं, "कंपनीचं काही खरं नाही, जिग्नेशभाई. मला तर दोन्ही उजवे पाठवलेत!"

मग आम्ही दोघांनी मिळून जपानला मनसोक्त शिव्या घातल्या. तक्रारीची मेल लिहायला घेतली. फोटो काढले. तेवढ्यात डॉक्टर आल्या. त्यांनी दोन्ही रोबो बघितले, मग आम्हा दोघांकडे बघितलं.

"मेल पाठवलीत?"

"बस, पाठवतोच आहे."

"त्यात आपलं शिक्षणपण लिहा!"

*

पण डॉक्टरही काही कमी नाहीत हं. मधल्या वेळेत, पेशंट नसला की त्या दवाखान्यातच रोबो घासत बसतात. दात घासायचं मशीन हाताशी असतंच! एकदा एका रोबोचा हात त्यांनी तासून, पॉलिश करून अगदी आरशासारखा केला आणि हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवून जेवायला गेल्या.

दवाखान्यात मालतीताई आहेत. वीस वर्षांची नोकरी, शिस्त म्हणजे शिस्त. ट्रेमध्ये जे असेल ते वाफेच्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी चिमटे घातले, आरसे घातले आणि हातही घातला.

डॉक्टर परत आल्या तर ट्रेमध्ये कुरडई!

मालतीताई रडवेल्या झाल्या. "मॅडम, मला वाटलं कोणाची तरी कवळी असेल."

"अहो, कवळीला पाच बोटं असतात का?"

संध्याकाळी आमच्या ग्रुपवर त्या कुरडईचा फोटो आला. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं : 'निर्जंतुकीकरण यशस्वी. पेशंट दगावला!'

*

शिंगाचं सांगायलाच हवं. रोबोच्या कपाळावरचं शिंग तांदळाच्या दाण्याएवढं असतं. कापताना ते टणकन उडतं आणि परत सापडत नाही. त्या रविवारी माझं उडालं. लगेच चौघंही मोबाईलचे टॉर्च लावून जमिनीवर, चार पायांवर! दार त्या दिवशी नेमकं उघडं राहिलं होतं.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी तिवारीजी. डॉक्टरीणबाई सोफ्याखाली, कारखानदार टेबलाखाली, हे बघून ते चपापले.

"क्या ढूँढ रहे हो?"

"सींग," मी म्हटलं.

तिवारीजींनी दारातूनच खोलीभर नजर फिरवली. "किसका?"

पण माणूस भला. बूट काढले, गुडघे टेकले, तेही शोधायला लागले. अर्धा तास! मध्येच विल्सन म्हणाला, "अंकल, तुमी सरका ना जरा, त्या अंगाला बगतो." सगळीकडे बघितलं. शिंग नाहीच. तिवारीजी घामाघूम होऊन, बूट हातात घेऊन घरी गेले. कशाला आले होते ते त्यांनाही आठवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दहा मिनिटांनी इंटरकॉम वाजला. तिवारीजींच्या मिसेस होत्या.

"भाईसाब, इनके मोजे में से सींग निकला है!"

*

विल्सनचं रंगकाम म्हणजे एक नंबर. होड्या रंगवणारा हात तो! फक्त तो रोबोला स्प्रे मारतो घरामागच्या मोकळ्या जागेत, आणि तिथेच बांबूंवर त्याच्या आईचे, म्हणजे आमच्या मार्थामावशीचे, बोंबील वाळत असतात.

एका सकाळी तो चंदेरी स्प्रे मारत होता आणि वारा फिरला. रोबोवर बसला तेवढा रंग बसला. बाकीचा सगळा मावशीच्या दोन ओळी बोंबलांवर. उन्हात असे चमकायला लागले की बघत राहावं!

विल्सन पळायच्या बेतात होता. मावशी कमरेवर हात ठेवून बांबूंसमोर उभी राहिली. एक बोंबील काढला, उलटा-सुलटा करून बघितला.

"आये, फेकून देतो सगले," विल्सन म्हणाला.

"फेकतोस कशाला? आता ह्ये बोंबील हायत का? पापलेट झाले, पापलेट!"

फेकले अर्थात सगळेच. पण त्या दिवसापासून मावशीने स्प्रेचा डबा आपल्या ताब्यात घेतला. विल्सनला रंग मारायचा असला की आधी वारा दाखवावा लागतो.

*

आता हा शेवटचा, गेल्या नाताळातला.

नाताळला पालीत घरोघरी गोठा मांडतात. गवत, गव्हाण, बाळ येशू, मेंढपाळ आणि तारा बघत पूर्वेकडून भेटवस्तू घेऊन आलेले तीन राजे. विल्सनच्या घरचे मातीचे राजे त्याच्या वडिलांनी आणलेले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी ते राजे जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळून, डब्यात घालून वर्षभर कपाटावर ठेवते.

आपल्या किटच्या खोक्यांना जागा करताना विल्सनने नेमका तोच डबा पाडला. दोन राजे वाचले. तिसऱ्याचा चुरा.

मला त्याचा फोन आला. "सुहास, सगले या. आई शिव्या पन देत न्हाय."

आम्ही तिघं जिग्नेशभाईंच्या गाडीतून पालीला पोचलो. चार वाजता फादर घरोघरचे गोठे बघायला येणार होते. डॉक्टरांनी दातांचं सिमेंट काढलं, मी तुकडे जुळवायला घेतले. तासाभरात राजा गुडघ्यांपर्यंत उभा राहिला. त्याच्यावर जुळवायला काही उरलंच नव्हतं.

"मावशी, नाही हो जमत," डॉक्टर हळूच म्हणाल्या. विल्सन कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. एवढा दांडगा माणूस, पण बघवत नव्हतं.

मावशी उठून आत गेली. बाहेर आली ती विल्सनचा सोनेरी रोबो घेऊन. आठ महिने खपून केलेला. आम्हालाही तो हात लावू देत नाही.

"आये, जपून, त्याचा हात..."

"गप ऱ्हा."

तिने रोबोच्या मुठीतली बंदूक ओढून काढली आणि विल्सनच्या हातात दिली. चुऱ्यातून राजाच्या हातातली इवलीशी पेटी शोधली, ती धड होती. रोबोच्या मुठीत ती बरोब्बर बसली. मग रोबोला तिने दोन राजांच्या मागे, गवतात उभं केलं. आणि फादर आलेच.

फादर वयस्कर, कडक. त्यांनी गोठा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

"मार्था, हा कोण?"

"तिसरा राजा, फादर."

"हा?"

"राजे पूर्वेकडनं आले, आसं तुमीच सांगता ना? ह्यो जपानचा हाय. त्याच्यापुढं पूर्व न्हाय!"

आम्ही चौघं भिंतीला चिकटलो. जिग्नेशभाईंनी हात जोडले होते, नक्की कोणाला ते कळलं नाही.

फादर वाकले. दोन बोटांनी रोबोला अलगद उचललं आणि गव्हाणीच्या अगदी जवळ आणून ठेवलं.

"एवढ्या लांबून आलाय," ते म्हणाले, "मग मागे का उभा केलात?"